डिझाईनचे फॉर्म दिवाळीत निघतात, आपल्या घरात चर्चा मे महिन्यात होते

बारावीचा निकाल लागला की अप्पा बळवंत चौकात पाय ठेवायला जागा नसते. यंदा निकालानंतरच्या आठवड्यात माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीला आणि तिच्या अम्मीला घेऊन मी तिथे गेले होते. मुलीला डिझाईन शिकायचंय. वडिलांचं नाना पेठेत गाड्यांची सीट कव्हरं शिवण्याचं काम आहे. मुलगी आठवीपासून त्यांना फर्मे काढून देते. कापड कमीत कमी वाया जाईल असा फर्मा कागदावर कसा बसवायचा, हे तिला वडिलांपेक्षा चांगलं जमतं, आणि हे वडीलच सांगतात. पण फोनवर त्यांचा पहिला प्रश्न होता, "मॅडम, मार्क तर चांगले पडलेत. मग आर्टला कशाला टाकायचं?"

खरेदी झाल्यावर आम्ही चौकातून नारायण पेठेत शिरलो आणि केसरीवाड्याच्या अलीकडे एका टपरीवर चहाला थांबलो. अम्मीने पर्समधून एक गुळगुळीत माहितीपत्रक काढलं. शहराबाहेरच्या एका खासगी विद्यापीठाचं होतं. चार वर्षांची पदवी, लिबरल आर्ट्ससोबत डिझाईन. शेवटच्या पानावर फीचा आकडा होता. एका वर्षाची फी त्या घराच्या वर्षभराच्या कमाईहून जास्त. वर तिथून रोज फोन येत होता, जागा भरत आल्या, लवकर टोकन भरा.

मी मुलीला विचारलं, "यूसीडचा फॉर्म भरला होतास?" तिने ते नावच ऐकलेलं नव्हतं. यूसीड म्हणजे आयआयटी मुंबई घेते ती डिझाईनच्या पदवीची प्रवेश परीक्षा. ती जानेवारीत होते आणि तिचे फॉर्म ऑक्टोबरच्या सुमारास निघतात. एनआयडी आणि निफ्टच्या परीक्षांचं वेळापत्रकही साधारण हिवाळ्यातलंच. म्हणजे आम्ही चहा पीत होतो तेव्हा सरकारी, कमी फीची बहुतेक दारं बंद होऊन काही महिने लोटले होते. मे महिन्यात उघडी राहतात ती मुख्यतः महागडी दारं, आणि तीच आपल्याला फोन करून बोलावतात.

टपरीवर आजूबाजूला अभ्यासिकांमधली मुलं उभी होती. एमपीएससीवाली. त्यातल्या कुणालाही विचारा, पूर्वपरीक्षा कधी, जाहिरात कधी, वयाची अट काय, सगळं तोंडपाठ. ती काही जन्मापासून हुशार नसतात. या पेठेत ती माहिती हवेतच असते, चहाबरोबर मिळते. आपल्या मोहल्ल्यांत डॉक्टर आणि इंजिनीअर होण्याची माहिती आता पोहोचली आहे, अल्हम्दुलिल्लाह. नीटची तारीख सगळ्यांना माहीत असते. कला आणि डिझाईनबद्दल मात्र अजून अंधार आहे.

आधी शब्द वेगळे करू

गोंधळाची सुरुवात शब्दांपासून होते. आपल्याकडे "आर्ट" या एकाच शब्दाखाली चार वेगळ्या गोष्टी येतात.

पहिली, अकरावी-बारावीची कला शाखा. यात इतिहास, राज्यशास्त्र, भाषा असे विषय असतात, चित्रकलेशी तिचा थेट संबंध नाही. दुसरी, ललित आणि उपयोजित कला, म्हणजे बीएफए. यात रंगकाम, शिल्प, जाहिरातकला, कापडावरचं काम येतं. तिसरी, डिझाईन, म्हणजे बीडिझ. खुर्चीपासून मोबाइलच्या ॲपपर्यंत आणि औषधाच्या खोक्यापासून दवाखान्यातल्या पाट्यांपर्यंत वस्तू वापरणाऱ्याला सोयीची कशी होईल, याचा हा अभ्यास. चौथी, लिबरल आर्ट्स. यात विद्यार्थी एक मुख्य विषय आणि एक दुय्यम विषय घेतो आणि त्यासोबत गणित, मानसशास्त्र, अर्थशास्त्र, साहित्य, कला यांतलं बरंच काही शिकतो.

पुण्यात हे चौथं शिक्षण आता चांगलं रुजलंय. सिम्बायोसिसचं लिबरल आर्ट्सचं महाविद्यालय विमाननगरला 2011 साली सुरू झालं. लवळ्याच्या फ्लेमला 2015 मध्ये विद्यापीठाचा दर्जा मिळाला. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर तर मुख्य विषय, दुय्यम विषय आणि चार वर्षांची पदवी ही रचना आपल्या नेहमीच्या महाविद्यालयांतही आली आहे. पूर्वी जी गोष्ट फक्त महागड्या कॅम्पसवर होती, तिचा साधा अवतार आता अनुदानित कॉलेजातही मिळू लागलाय. तिथे विषयांची निवड कमी असेल, पण फी परवडते.

"लिबरल" म्हटलं की काही घरांत भुवया वर जातात. मुलगी हातातून जाईल, अशी भीती वाटते. खरं तर या शब्दाचा मूळ अर्थ शिक्षणापुरता आहे. युरोपातल्या जुन्या विद्यापीठांत लिबरल आर्ट्स म्हणजे सात विषय होते: व्याकरण, तर्क, वक्तृत्व, अंकगणित, भूमिती, संगीत आणि खगोल. आता आपल्या मदरशांचा दर्स-ए-निजामी आठवा. लखनौच्या फिरंगी महलच्या मुल्ला निजामुद्दीन यांनी अठराव्या शतकात तो घडवला. त्यात कुरआन, हदीस आणि फिकहसोबत सर्फ-नह्व म्हणजे व्याकरण, मंतिक म्हणजे तर्क, बलागत म्हणजे वक्तृत्व, आणि रियाजी म्हणजे गणितही होतं. संगीत सोडलं तर यादी बरीचशी जुळते. अनेक विषय एकत्र शिकून माणूस घडवायचा, ही कल्पना आपल्याला परकी नाही.

लिबरल आर्ट्समध्ये डिझाईन शिकावं का?

याचं उत्तर मुलाकडे बघून द्यायला हवं. झाहा हदीद यांचं उदाहरण घ्या. बगदादला 1950 मध्ये जन्मलेल्या या मुलीने आधी बैरूतच्या अमेरिकन विद्यापीठात गणित शिकलं, मग लंडनला जाऊन वास्तुरचना. 2004 साली प्रित्झकर पुरस्कार मिळवणारी ती पहिली महिला ठरली. आपल्या जवळचं उदाहरण झरीना हाशमी यांचं. अलीगढ मुस्लिम विद्यापीठातून त्यांनी गणिताची पदवी घेतली आणि पुढे छापचित्रकार म्हणून जगभर नाव कमावलं. त्यांच्या छापांमध्ये उर्दू अक्षरं दिसतात, घरांचे नकाशे दिसतात. दोघींच्या कामात गणित कधीच मागे पडलं नाही. चित्रासोबत दुसरं काही शिकलं तर चित्र बिघडत नाही, उलट त्याला टेकू मिळतो.

पण दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. हात रोज चालवावा लागतो. बीएफए किंवा बीडिझच्या वर्गात विद्यार्थी दिवसाचे कित्येक तास स्टुडिओत असतो. लिबरल आर्ट्सच्या वेळापत्रकात तेवढे तास बसत नाहीत. ज्या मुलाचं पक्कं ठरलंय की मला अक्षररचनाच करायची किंवा कापडाचंच डिझाईन करायचंय, त्याने सरळ त्या कोर्सला जावं. ज्याला चित्र आवडतं, पण सोबत मानसशास्त्र किंवा अर्थशास्त्रही खुणावतंय, त्याला लिबरल आर्ट्स मानवेल. अशा मुलाने पदवी चालू असतानाच आपल्या कामाचा पोर्टफोलिओ तयार करत राहावं, कारण पुढच्या प्रवेशाला आणि नोकरीला मार्कशीटच्या आधी तोच बघितला जातो.

दीनचा प्रश्न

अम्मीने हळूच विचारलं, "तसवीर काढणं जायज आहे का?" हा प्रश्न हसण्यावारी नेऊ नये. सजीवांच्या चित्रांबद्दल उलेमांमध्ये मतभेद आहेत आणि प्रत्येक घराने आपल्या आलिमांना विचारावं. फक्त प्रश्न नीट विचारावा. "आर्ट शिकू का?" असं विचारलं तर उत्तरही मोघम मिळेल. कोर्सची विषयांची यादी सोबत न्या. रंगकला आणि शिल्पाच्या अभ्यासात मानवी देहाचं रेखाटन असतं. कापड, फर्निचर, वस्तुरचना, अक्षररचना, ॲपची मांडणी या शाखांत बहुतेक काम आकार, रंग, अक्षर आणि मोजमापाचं असतं. खत्ताती, म्हणजे सुलेखन, आणि भूमितीच्या नक्षीने ज्यांच्या मशिदी सजल्या, त्यांच्या मुलांना अक्षर आणि आकार शिकायला अडचण कसली?

आणि या मातीतला इतिहासही मुलांना सांगा. नारायण पेठेला लागूनच सदाशिव पेठेत भारत इतिहास संशोधक मंडळ आहे. तिथे "तारीफ-ए-हुसेनशाही" नावाची फार्सी हस्तलिखित पोथी आहे. अहमदनगरचा सुलतान हुसेन निजामशहा याच्यावर आफताबी नावाच्या कवीने लिहिलेली, सोळाव्या शतकातली, चित्रांसह. दख्खनी चित्रकलेच्या सुरुवातीच्या नमुन्यांत तिची गणना होते. म्हणजे ज्या चौकात आपण मुलांची पुस्तकं घ्यायला जातो, तिथून चालत जाण्याच्या अंतरावर आपल्या कलेचा साडेचारशे वर्षांचा पुरावा ठेवलेला आहे. मी पुण्यात इतकी वर्षं शिकवतेय, पण मुलांना हे सांगायला मलाही फार उशिरा सुचलं.

रोजीचा प्रश्न

"भूके मरेगी" हे वाक्य प्रत्येक चित्र काढणाऱ्या मुलाने घरात ऐकलेलं असतं. यावर लोक लगेच हुसेन यांचं नाव घेतात. पंढरपूरला जन्मलेले, मुंबईत सिनेमाचे बोर्ड रंगवणारे मकबूल फिदा हुसेन पुढे देशाचे सर्वांत गाजलेले चित्रकार झाले, हे खरंच. नागपूरच्या कला विद्यालयातून आणि मग जे.जे.मधून गेलेले सय्यद हैदर रझा, जे.जे.चेच तय्यब मेहता, अकबर पदमसी, कोकणी मुस्लिम घरातले अब्दुल अजीज रायबा, ही नावं आपण मुलांना सांगायला हवीत. पण पालकाला या नावांनी धीर येत नाही. लाखात एखादा हुसेन होतो, तसा लाखात एखादाच झहीर खान होतो.

मला वेगळी उदाहरणं जास्त पटतात. मुंबईच्या उर्दू वर्तमानपत्रांत कातिब असायचे. बोरूने पानं लिहायचे. 1981 च्या सुमारास नूरी नस्तालीक आलं. मिर्झा अहमद जमील यांनी हजारो अक्षरजोड्या हाताने लिहिल्या आणि मोनोटाइप कंपनीने त्या यंत्रावर चढवल्या. नव्वदच्या दशकात इनपेज आलं आणि आपल्याकडच्या कातिबांची रोजी गेली. हुनर तोच होता. ज्याने तो यंत्रात उतरवला त्याला काम मिळालं, ज्याला ते शिकायची संधी मिळाली नाही तो घरी बसला. आज मोबाइलवर मराठी आणि उर्दू दोन्ही लिप्या नीट बसवू शकणारी माणसं किती असतील? आपली दोन्ही भाषांत शिकलेली मुलं या कामाला अगदी योग्य आहेत, आणि त्यांना हे कुणी सांगितलेलंच नाही.

मिरजेला बघा. शिकलगार घराणी मुळात हत्यारं घडवणारी. तलवारींचा जमाना गेला तसे ती सतार आणि तंबोऱ्याकडे वळली. 2024 मध्ये मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. संभाजीनगरच्या हिमरू विणकरांकडे मात्र आता थोडेच माग उरलेत. कोल्हापुरी चपलेचं तर 2025 च्या जूनमध्ये सगळ्यांनी पाहिलं. इटलीच्या प्राडा कंपनीने मिलानच्या शोमध्ये तशीच चप्पल मांडली, आणि ओरड झाल्यावर तिचं मूळ भारतात असल्याचं कबूल केलं. ती कला आपल्या चर्मकार बांधवांची. पण धडा सगळ्या कारागीर समाजांना लागू आहे. काम हाताचं असतं, आणि मोठा पैसा मात्र नाव, आराखडा आणि बाजार ज्याच्या हातात आहे त्याला मिळतो.

आपल्या समाजात शिंपी आहेत, जरीवाले आहेत, सुतार, वेल्डर, सीट कव्हरवाले आहेत. मालेगाव, भिवंडीचे विणकर आहेत. ज्या घरात फर्मा कापला जातो, त्या घरातली मुलगी डिझाईन शिकली तर ती नवीन काही करत नाही. घरातलंच काम ती एक पायरी वर नेते.

खरा अडसर पैशाचा

दीन आणि रोजी यांवर घरात खूप वाद होतो. मुलं अडकतात ती फीपाशी, आणि तिथे नेमकी आपल्याला माहिती नसते.

आधी कटू भाग. मौलाना आझाद राष्ट्रीय फेलोशिप 2022 मध्ये बंद झाली. पहिली ते आठवीची अल्पसंख्याक शिष्यवृत्ती त्याच वर्षी थांबली. मौलाना आझाद एज्युकेशन फाउंडेशन बंद करण्याचा आदेश केंद्राने फेब्रुवारी 2024 मध्ये काढला, आणि मुलींना मिळणाऱ्या बेगम हजरत महल शिष्यवृत्तीचा आधार गेला. सच्चर समितीने 2006 साली जे दुखणं दाखवलं, त्यावरची मलमपट्टीही काढून घेतली जातेय. याबद्दल लोकप्रतिनिधींना विचारत राहणं आपलं काम आहे.

पण जे शिल्लक आहे, तेही आपण पूर्ण वापरत नाही. मुंबईचं सर ज. जी. कला महाविद्यालय 1857 पासूनचं. 2023 मध्ये जे.जे.ला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला शासकीय कला महाविद्यालयं आहेत. पुण्यात टिळक रोडवर अभिनव कला महाविद्यालय आहे, नारायण पेठेतून चालत जाण्यासारखं. बीएफएसाठी राज्याची सीईटी असते. त्यात वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र आणि सामान्य ज्ञान असे भाग असतात. एनआयडी, निफ्ट, आयआयटी या केंद्रीय संस्थांत ओबीसी नॉन-क्रीमी लेयरला 27 टक्के जागा आहेत. मोमीन, पिंजारी यांसारख्या अनेक मुस्लिम बिरादऱ्या ओबीसीच्या यादीत आहेत, पण दाखला काढलेला नसतो. त्या यादीत न बसणाऱ्या आणि उत्पन्न कमी असणाऱ्या घरांसाठी ईडब्ल्यूएसच्या 10 टक्के जागा आहेत.

आणखी एक गोष्ट मुलींच्या पालकांनी लक्षात ठेवावी. 8 जुलै 2024 च्या शासन निर्णयानुसार आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या ओबीसी, ईडब्ल्यूएस आणि एसईबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. प्रवेश मात्र सरकारी केंद्रीय प्रक्रियेतून झालेला हवा. खासगी अभिमत आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठं यातून वगळलेली आहेत. त्या गुळगुळीत माहितीपत्रकावर हे लिहिलेलं नसतं. टोकन भरण्याआधी कॉलेजच्या कार्यालयात जाऊन विचारा, ही सवलत इथे आणि या कोर्सला लागू आहे का, आणि उत्तर लेखी मागा.

खासगी विद्यापीठं वाईट आहेत असं मी म्हणत नाही. काहींचं शिक्षण खरोखर चांगलं आहे, आणि गुणवत्तेवर किंवा उत्पन्नावर फीमध्ये सूटही दिली जाते. ती मागावी लागते, वेळेत अर्ज करावा लागतो. पण घर गहाण ठेवून, व्याजाचं कर्ज डोक्यावर घेऊन, पहिल्या फोनला होकार देऊन जाऊ नये. कर्ज घ्यावंच लागलं तर मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळाची कमी व्याजाची शैक्षणिक कर्ज योजना आधी बघा.

आठवीपासून सुरुवात

शिक्षिका म्हणून मला आपल्या शाळांबद्दलही बोललं पाहिजे. कला संचालनालयाच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या दोन ग्रेड परीक्षा शाळेतच देता येतात. इंटरमिजिएटच्या श्रेणीवर दहावीला वाढीव गुणही मिळतात. मी पाहिलेल्या अनेक उर्दू शाळांत या परीक्षांना मुलं बसतच नाहीत. कारण एकच, चित्रकलेचा शिक्षक नाही. शिक्षण हक्क कायद्यात सहावी ते आठवीला शंभरावर मुलं असतील तर कला शिक्षणासाठी अंशकालीन निदेशक असावा, अशी तरतूद आहे. शाळा व्यवस्थापन समितीत पालक बसतात. त्यांनी हा एक मुद्दा लेखी मांडला तरी सुरुवात होईल. मशिदीच्या किंवा जमातीच्या करिअर मार्गदर्शन शिबिरात नीट आणि जेईईच्या फलकाशेजारी डिझाईनचाही एक फलक लावा. आणि ते शिबिर मे महिन्यात न घेता ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये घ्या.

त्या दिवशी टपरीवर आम्ही वहीच्या मागच्या पानावर हिशोब मांडला. खासगी विद्यापीठाची चार वर्षं, वसतिगृह, साहित्य, लॅपटॉप. मग दुसरा हिशोब: पुण्यातच अनुदानित कॉलेजात बीएला प्रवेश, मुख्य विषय मानसशास्त्र, आणि सोबत वर्षभर चित्राचा सराव. यूसीड लागोपाठच्या दोन वर्षांत दोनदा देता येते आणि बारावीनंतरच्या पुढच्या वर्षीही चालते, म्हणजे तिची संधी गेलेली नाही. सीईटीही आहे. ऑक्टोबरच्या आत ओबीसी आणि नॉन-क्रीमी लेयरचे दाखले काढायचे. प्रवेश मिळाला तर उत्तम. नाही मिळाला तर मानसशास्त्राची पदवी हातात आहेच, आणि त्यापुढे डिझाईनच्या पदव्युत्तर शिक्षणाचा रस्ता खुला आहे.

अम्मीने ते पान फाडून घेतलं. संध्याकाळी वडिलांचा फोन आला. त्यांनी एकच विचारलं, "मॅडम, नॉन-क्रीमीच्या दाखल्याला काय काय कागद लागतात?" मी यादी पाठवली.